टँकर सांगण्याआधी एक रात्र गच्चीवर काढा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही गल्लत असेल तर तुमच्याच लक्षात येईल. रत्नागिरीतली बारा-तेरा वर्षं जुनी इमारत. खाली पार्किंग, वर चार मजले, २४ फ्लॅट. पंधरा घरांत मिळून ५२ माणसं राहतात. उरलेली नऊ घरं चाकरमान्यांची, गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद. नगरपरिषदेचं पाणी जमिनीतल्या टाकीत येतं, तिथून मोटरने गच्चीवरच्या दहा हजार लिटरच्या टाकीत चढतं, आणि ती टाकी दिवसातून दीड वेळा भरावी लागते. गेल्या एप्रिलपासून आठवड्याला दोन टँकर. आता सभेपुढे ठराव आहे की पावसाचं पाणी साठवायला ५०,००० लिटरची टाकी बांधावी. सेक्रेटरी म्हणून तुम्ही विचारता, बांधावी का?

आत्ता बांधू नका. पुढे बांधाल कदाचित, पण एवढी मोठी नाही. का ते सांगतो.

माणशी रोजचं पाणी इमारतीच्या हिशेबात १३५ लिटर धरतात. आपल्या बांधकाम संहितेतला आकडा तोच आहे आणि त्यातले ४५ लिटर एकट्या फ्लशचे. ५२ माणसांना १३५ ने गुणलं की ७,०२० येतात. तुम्ही रोज चढवता १५,०००. म्हणजे माणशी २८८ लिटर! एवढं पाणी वापरायला माणसाने दिवसाचे तीन तास न्हाणीत काढायला हवेत. तुमच्याकडे पाणी कमी येत नाही. आलेलं निम्मं पाणी माणसांपर्यंत पोचतच नाही. अशा इमारतीला ५०,००० लिटरची टाकी जोडली तर ती सव्वातीन दिवसांत संपेल, आणि चौथ्या दिवशी तुम्ही पुन्हा टँकरवाल्याला फोन लावाल.

लोकांचं गणित कुठे चुकतं ते मला माहीत आहे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुमच्या ४०० चौरस मीटर गच्चीवरून थोडं वाया गेलं असं धरूनही साडेनऊ लाख लिटर पाणी पन्हळींतून खाली जातं. आकडा ऐकला की सभेत टाळ्या पडतात. पण हे पाणी येतं चार महिन्यांत, आणि लागतं उरलेल्या आठ महिन्यांत. ते जमिनीत मुरवावं म्हणाल तर आपली जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे चाळण. जुलैत आत गेलेलं पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावरून उताराला लागतं, झऱ्यांवाटे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि व्हाळातून खाडीत. दिवाळीला काठोकाठ असलेली विहीर होळीनंतर तळ दाखवते ती यामुळेच. मुरवण्याचे खड्डे करू नका असं मी म्हणत नाही, नवीन इमारतींना तर ते बहुतेक वेळा नियमानेच करावे लागतात. पण त्या खड्ड्याच्या भरवशावर एप्रिलचा टँकर बंद होईल असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्याने हा हिशेब घाटावरच्या जमिनीवर शिकलेला आहे.

आता कामाचं. सव्वीस वर्षं मी इमारतींच्या पाण्याची कामं करतो, गुहागरपासून राजापूरपर्यंत, आणि नवीन जागी गेलो की पहिलं काम एकच: एक रात्र गच्चीवर.

रात्री साडेअकराला मोटर बंद आहे याची खात्री करा. टाकीचं झाकण उघडून काठी उभी धरा आणि पाण्याच्या पातळीला खडूची खूण करा. पहाटे साडेचारला, कोणाच्याही घरात दिवा लागायच्या आत, पुन्हा मोजा. मधल्या पाच तासांत एखाददुसरा फ्लश झाला असेल तर तो सोडून द्या. तुमची टाकी आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे ६० लिटर. समजा वीस सेंटिमीटर उतरली. १,२०० लिटर पाच तासांत गेले, दिवसाला जवळजवळ ५,७६०, आणि सगळे झोपलेले असताना. हा आकडा सभेत सांगा. मग पाणी कोण जास्त वापरतं, कोणाकडे कपडे धुवायचं मशीन दोनदा लागतं, ही भांडणं आपोआप बंद होतात.

दुसऱ्या रात्री गळती कोणत्या पाइपवर आहे ते शोधायचं. गच्चीवरून खाली उतरणारे दहा-बारा पाइप असतील, प्रत्येकाला वॉल्व्ह. सगळे बंद करा आणि एकेक उघडा. ज्या वॉल्व्हनंतर पाइपात आवाज येतो, तो पाइप धरा. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर पाइपला टेकवून मूठ कानाला लावली की वाहतं पाणी स्पष्ट ऐकू येतं. माझ्या उस्तादांनी शिकवलेली ही पद्धत अजून कोणत्याही यंत्राने मला सोडायला लावलेली नाही. मात्र एक अडचण येईल. तुमचे निम्मे वॉल्व्ह फिरणारच नाहीत. खाऱ्या वाऱ्याने त्यांची लोखंडी चाकं गंजून बसलेली असतात आणि जोर लावला की दांडा हातात येतो. त्यामुळे रात्री प्रयोग करण्याआधी दिवसा प्लंबर बोलावून ते बदलून घ्या, आणि बदलताना पितळी किंवा प्लॅस्टिकचे बॉलवॉल्व्ह घ्या. गच्चीवर उघडे पडलेले प्लॅस्टिकचे पाइप उन्हाने ठिसूळ होतात, त्यांना त्याच वेळी रंगाचा हात मारून घ्या.

तुमच्या इमारतीत मला सगळ्यात जास्त संशय आहे तो त्या नऊ बंद घरांचा.

कुलूपबंद घर पाणी वापरत नाही असं सगळे धरून चालतात. पण गणपतीत आलेला माणूस सात दिवस राहून जातो, जाताना दिवे बंद करतो, गॅस बंद करतो, पाण्याचा कॉक तेवढा चालूच ठेवतो. मग कमोडच्या टाकीतलं पाणी अडवणारं रबर कडक होतं, पाणी बारीक धारेने भांड्यात उतरत राहतं आणि वरून तेवढंच भरत राहतं. आवाज नाही, ओल नाही, खालच्या घरात डाग नाही. मिनिटाला एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर धरलं तरी दिवसाला २८८ लिटर. दोन माणसांचं पाणी, ज्या घरात एकही माणूस नाही तिथे. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं असं घर आम्ही मालकाला फोनवर विचारून, शेजाऱ्याच्या किल्लीने उघडलं. आठ महिने बंद असलेल्या घरातलं कमोड स्वच्छ, पांढरंशुभ्र! पाणी अखंड वाहत असल्यामुळे. बंद घरातल्या भांड्याला कडेने वाळलेली रेघ दिसायला हवी. ती नसेल तर समजायचं.

राहत्या घरांतही हीच तपासणी करा. फ्लशच्या टाकीत खायचा लाल रंग टाकायचा, वीस मिनिटं फ्लश करायचा नाही, मग भांड्यात बघायचं. रंग उतरला असेल तर रबर गेलं. रंग नव्हता म्हणून मी एकदा घरातलं अर्धी वाटी कोकम आगळ ओतलं होतं. तपासणी झाली, पण त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. रबराची किंमत किरकोळ असते आणि बसवायला दहा मिनिटं लागतात. तुमच्या ठरावातल्या टाकीच्या पैशात किती रबरं येतील याचा हिशेब तुम्हीच करा.

बंद घरांसाठी नियम असा करा की जाताना गच्चीवरचा किंवा दाराबाहेरचा आपला वॉल्व्ह बंद करून जायचं आणि वॉचमनच्या वहीत सही करायची. एकाच पाइपवर दोन घरं असतील तर त्या घरापुरता वेगळा वॉल्व्ह बसवावा लागेल. खर्च मालकाचा. विरोध होईल, पण रात्रीचा आकडा हातात असेल तर फार टिकत नाही.

आता जमिनीतल्या टाकीकडे या. इथे एक गोष्ट सांगतो, कारण यात कोकणातले लोक हमखास फसतात. एका जुन्या सोसायटीत मला कौतुकाने दाखवलं होतं की आमची टाकी भाग्याची, जुलै-ऑगस्टमध्ये आपोआप भरते, नगरपरिषदेचं पाणी नाही आलं तरी चालतं. मी विचारलं, पावसाळ्यात पोटाच्या तक्रारी होतात का? सगळे एकमेकांकडे बघू लागले. टाकी जांभ्याच्या चिऱ्यांची, आतून गिलावा केलेली, आणि तळ व भिंत जिथे मिळतात तिथे हातभर लांब भेग. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की ते भेगेतून आत यायचं, आणि सांडपाण्याचं चेंबर तिथून सात-आठ फुटांवर. उन्हाळ्यात जमीन कोरडी झाली की त्याच भेगेतून टाकीतलं पाणी बाहेर जायचं. वरून बघणाऱ्याला काहीच दिसायचं नाही, कारण जांभा सगळं पिऊन टाकतो. वर उल्लेख केलेली चाळण ती हीच.

तपासायला सोपं आहे. रात्री आत येणारं आणि बाहेर जाणारं दोन्ही पाणी बंद करून खूण करा, सकाळी बघा. बंद टाकीतून वाफ होऊन जाणारं पाणी नगण्य असतं. बोटभरही उतरली तर गळते आहे असं धरा. दुरुस्ती मात्र भर पावसाळ्यात काढू नका. बाहेर पाण्याचा दाब असताना टाकी पूर्ण रिकामी केली तर तळ फुटू शकतो, टाकी उचललीही जाऊ शकते. हे काम फेब्रुवारी-मार्चचं. चार-पाच दिवस प्लॅस्टिकच्या दोन टाक्या भाड्याने आणून त्यांवर मोटर जोडायची, आणि आतल्या कोपऱ्यांना गोलाई देऊन गिलावा नव्याने करून घ्यायचा. भेगेवर नुसता लेप फासणारा कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

गच्चीवरची टाकी वाहून जाणं हा तिसरा मोठा प्रकार. मोटर चालू करून वॉचमन दूध आणायला जातो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण दिसत कोणालाच नाही, कारण बांधणाऱ्याने टाकीचा ओव्हरफ्लो पावसाच्या पाण्याच्या पाइपात जोडून दिलेला असतो. तो तिथून काढा आणि त्याचं तोंड पार्किंगच्या प्रवेशावर, सगळ्यांच्या डोक्यावर पडेल असं आणा. टाकी भरली की कोणाचा तरी शर्ट भिजेल आणि मोटर मिनिटभरात बंद होईल. पातळीवर आपोआप बंद होणारा स्विच बसवाच, पण खाऱ्या हवेत त्याचे जोड दोन-तीन वर्षांत दगा देतात, म्हणून हा शर्टाचा उपाय सोबत ठेवा.

नळांबद्दल थोडं. टाकी गच्चीवर असल्यामुळे पहिल्या मजल्यावर पाण्याचा दाब चौथ्या मजल्याच्या साधारण चौपट असतो आणि नळ तेवढाच उघडला तरी पाणी दुप्पट येतं. म्हणजे खालची माणसं उधळी आहेत असं नाही, नळच तसा वाहतो. खालच्या दोन मजल्यांच्या बेसिन आणि ओट्याच्या नळांना हवा मिसळणारी जाळी बसवा, म्हणजे धार मऊ होते आणि पाणी निम्म्यावर येतं. चौथ्या मजल्याला ती लावू नका, भांडण विकत घ्याल. आपल्या पाण्यात लोहाचा गाळ आणि जुन्या पाइपांचा गंज येतो, तेव्हा ती जाळी महिन्या-दोन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून धुवावी लागते. हे बसवतानाच सांगा, नाहीतर गणपतीत कोणीतरी वैतागून सगळ्या काढून टाकेल.

जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळी दहा लिटर सोडतात. नवीन दोन बटणांच्या टाकीत मोठं बटण सहा आणि छोटं तीन लिटर. बदलता आल्या तर उत्तम. नाहीतर लिटरची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून, आतल्या यंत्राला अडणार नाही अशी टाकीत उभी करा. माणशी पाच फ्लश धरले तर ५२ माणसांचे रोज २६० लिटर वाचतात. चिऱ्याचा तुकडा टाकू नका. तो आत झिजत जातो आणि त्याची रेव रबराखाली बसून नवीन गळती सुरू होते. मी हे दोन ठिकाणी पाहिलं आहे.

आणि आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र. पंधरा घरांत किती आहेत ते मोजा. साधं यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर मोरीत सोडतं. एका घराला रोज १५ लिटर लागले तर ४५ लिटर गेले, पंधरा घरांचे ६७५. आपल्याकडे ओढ्या-नद्यांचं, जांभ्यातून आलेलं पाणी मुळात मऊ असतं, क्षार फारच कमी. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने, जिथे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी घाला, असं केंद्र सरकारला सांगितलं होतं. पेनासारखं छोटं क्षारमापक मिळतं, एक सोसायटीसाठी घ्या आणि प्रत्येकाच्या नळाखाली धरा. आपल्या पाण्यात काळजी क्षारांची नसून जंतूंची असते, आणि त्याला गाळून उकळलेलं पाणी किंवा यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र पुरतं. अपवाद समुद्राला लागून असलेल्या मचूळ विहिरींचा. तिथे आरओ लागतो, आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला ठेवायचं, झाडांना घालायचं नाही.

एसीतून ठिबकणारं पाणी साठवून वापरणं, भांडी घासताना नळ बंद ठेवणं, गाड्या पाइपने न धुता बादलीने धुणं, हे सगळं करा. त्याने पंधरा हजाराचे सात हजार होणार नाहीत, तेव्हा त्यावर सभेत तासभर घालवू नका. गच्चीची टाकी धुण्याचं तेवढं आत्ताच ठरवा. एप्रिलमध्ये भरलेली टाकी गटारात सोडून धुतात हे मी दरवर्षी बघतो. ते काम पावसाळ्यात ठेवा, आणि आदल्या दिवशी मोटर न लावता टाकी वापरूनच रिकामी होऊ द्या.

सांडपाणी शुद्ध करायचं छोटं संयंत्र बसवावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. २४ घरांच्या जुन्या इमारतीत माझं उत्तर नाही असंच आहे. फ्लशसाठी वेगळे पाइप टाकायला सगळ्या भिंती फोडाव्या लागतील, आणि संयंत्र सांभाळायला माणूस मिळणार नाही. पहिल्या मजल्यावरच्या न्हाण्यांचं पाणी तेवढं बाजूला काढून आवाराच्या मागच्या बाजूला न्या. तिथे चार माड, दोन केळी, खाली अळू. आपल्या आज्यांच्या घरी न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात जायचंच. फक्त आवारात विहीर असेल तर हे तिच्यापासून लांब ठेवा. जांभ्यातून सांडपाणी किती दूर जाईल याचा भरवसा नाही.

हे सगळं केल्यावर रोजची मागणी आठ हजारांच्या आसपास यावी. विजेचं बिल फार उतरेल अशी आशा मात्र धरू नका. सात हजार लिटर पाणी चार मजले चढवायला फार तर एखादं युनिट लागतं. वाचतो तो टँकरचा पैसा, त्याचं डिझेल आणि ज्या गावातल्या विहिरीतून तो टँकर भरतो तिथलं पाणी.

मग पावसाच्या टाकीचा विचार करा, पण फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी. माणशी पाच लिटर धरले तर ५२ माणसांना रोज २६० लागतात. बरोबर तेवढेच, जेवढे मघाशी बाटल्यांनी वाचवले. एप्रिल-मे मिळून सोळा हजार लिटर, मेमध्ये येणारे पाहुणे धरून वीस हजार. पन्नास नाही. त्या दोन महिन्यांत टँकर लागलाच तर त्याचं पाणी धुण्या-फ्लशला जाईल आणि पिण्याचं तुमचं स्वतःचं असेल. ही टाकी जूनमध्ये भरू नका. पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ, पक्ष्यांची घाण आणि वाऱ्याने आलेलं मीठ उतरतं. दोन महिने गच्ची धुऊन निघाली की ऑगस्टमध्ये टाकी घासून भरा, सप्टेंबरच्या सरींवर काठोकाठ करा, उजेड जाणार नाही आणि डास शिरणार नाही अशी बंद करा. एप्रिलमध्ये उघडाल तेव्हा क्लोरीन घालून वापरा.

वेळेचं गणित तेवढं लक्षात घ्या. बंद घरांची रबरं आणि वॉल्व्ह मालक इथे असतानाच होतील, आणि ते शिमग्याला येणार. पालखी दारात येईल त्या चार दिवसांत नऊही घरं उघडी असतील. प्लंबरला आजच सांगून ठेवा, कारण शिमग्यात तोही पालखीच्या दांड्याखाली असतो.